पारावरची चर्चा

यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी सुरू झाली, की सायंकाळी गावच्या पारावर मंडळी जमतात. कोणी तरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचू लागतो. अक्षरओळख नसलेले वृद्धही कान देऊन ऐकतात; आणि नेमका प्रश्न बहुधा तेच विचारतात!

या पारावर अमेरिकेचे नाव निघाले, तर नवल वाटू नये. १८६१ साली त्या देशात यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६५ साली युद्ध संपले, तसा भाव कोसळला. ज्यांनी समुद्रही पाहिला नव्हता, त्यांच्या संसाराचा हिशेब समुद्रापलीकडच्या लढाईने मांडला!

२०२५ साली अमेरिकेने भारतीय मालावर जबर कर बसविला. इकडे आपल्या सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयातकर वर्षअखेरपर्यंत माफ केला. कापडगिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा, हा त्यामागील हेतू, असे वाचणारा तरुण समजावून सांगू लागला.

"अन् आमच्या कापसाचं काय?" एका वृद्धाने विचारले.

तरुण थांबला. दिवेलागण होऊन गेली, तरी त्या दिवशी पारावरून कोणी उठले नाही.