मुद्दलच नफा म्हणून परत येते तेव्हा

पुणे

चि. निखिल यास,


पाँझी योजनेत कमाई करणारा धंदा नसतो. नव्याने भरलेले पैसे जुन्यांना नफा म्हणून वाटले जातात. याची टोपी त्याच्या डोक्यावर. १९२० साली बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचे आमिष दाखवले. देशोदेशींच्या टपाल कूपनांच्या दरांत फरक असतो आणि त्यातून हा नफा सुटतो, असे तो सांगे. क्लॅरन्स बॅरन या अर्थपत्रकाराने साधा हिशेब मांडला. पाँझीकडे जमलेल्या रकमेसाठी सुमारे १६ कोटी कूपने लागली असती; जगात फिरत होती जेमतेम २७ हजार. अशी योजना ओळखण्याची रीत आजही हीच आहे. सांगितलेल्या धंद्यातून एवढा पैसा निघणे शक्य आहे का, हे आधी पाहायचे.

क्रिप्टोच्या जगात हा हिशेब ‘गेनबिटकॉइन’ला लावून पाहण्यासारखा आहे. अमित भारद्वाजने २०१५च्या सुमारास सुरू केलेली ही योजना महाराष्ट्रात दूरवर पसरली आणि पुण्यातही तिच्याविरुद्ध गुन्हे दाखल झाले. भरलेल्या बिटकॉइनवर १८ महिने दरमहा १० टक्के परतावा, असे वचन होते. पैसा बिटकॉइनच्या मायनिंगमधून, म्हणजे यंत्रांवर गणिते सोडवून नवे बिटकॉइन मिळवण्यातून येतो, असे सांगितले जाई. पण नवे बिटकॉइन ठरावीक गतीनेच निघतात, साधारण दहा मिनिटांना एक ब्लॉक. जगभरात यंत्रे वाढली की मायनिंगचे गणित आपोआप अवघड होते आणि त्याच यंत्राच्या वाट्याला कमी बिटकॉइन येतात. त्यात जुलै २०१६मध्ये एका ब्लॉकचे बक्षीस २५ वरून १२.५ बिटकॉइनवर आले. खाणीतला माल निम्म्यावर आला तरी वाटपाचा आकडा मात्र १० टक्क्यांवरून हलला नाही. कोणाचाही चेहरा न पाहता, केवळ या एका विसंगतीवरून प्रश्न विचारता आला असता.

१ बिटकॉइन भरणाऱ्याला दरमहा ०.१ बिटकॉइन मिळणार. म्हणजे पहिले दहा महिने त्याच्या हाती पडते ते त्याचेच मुद्दल, तुकड्या-तुकड्याने. त्याला तो नफा वाटतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच तो पैसे जमा झाल्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतो आणि मेहुण्याला, शेजाऱ्याला, ऑफिसातल्या मित्राला आत आणतो. तो खोटे बोलत नसतो. पैसे खरोखर आलेले असतात. म्हणूनच वेळेवर मिळणारा परतावा हा प्रामाणिकपणाचा पुरावा धरता येत नाही. योजना चालवणाऱ्याच्या दृष्टीने तो जाहिरातीचा खर्च असतो. पुढे २०१७मध्ये बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचे योजनेचेच टोकन हातावर ठेवले गेले. कबूल केलेल्या चलनाऐवजी घरचेच टोकन मिळू लागले की शेवट जवळ आल्याचे समजावे. भारद्वाजला २०१८मध्ये अटक झाली आणि जानेवारी २०२२मध्ये त्याचा मृत्यू झाला. देशभर विखुरलेले गुन्हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये सीबीआयकडे सोपवले.

हिशेबातली विसंगती ही पहिली खूण झाली. दुसरी खूण गुप्ततेची. ‘बिटकनेक्ट’ ही क्रिप्टो योजना दरमहा ४० टक्क्यांपर्यंत परताव्याची भाषा करी आणि तो एका खास ट्रेडिंग सॉफ्टवेअरमधून येतो म्हणे. ते सॉफ्टवेअर कसे चालते, हे बाहेरच्या कोणी तपासलेले नव्हते. १६ जानेवारी २०१८ रोजी योजना गुंडाळल्याची घोषणा झाली आणि तिचे टोकन कोसळले. तिसरी खूण अडकवलेल्या पैशाची: मुदत संपेपर्यंत मुद्दल काढता न येणे, काढू पाहणाऱ्याकडून आधी ‘शुल्क’ मागणे. चौथी खूण साखळीची, म्हणजे नवा माणूस आणल्याबद्दल मिळणारे कमिशन.

योजनेचा कोड सर्वांसमोर उघडा आहे, तेव्हा फसवणूक कशी असेल, हा युक्तिवादही तपासून घ्यावा लागतो. २०२०मध्ये सुरू झालेल्या ‘फोर्सेज’ या क्रिप्टो योजनेचा कोड उघडाच होता. नव्याचे पैसे जुन्याकडे वळवण्याचे कामच तो कोड करत होता. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या म्हणण्यानुसार त्यात भाग घेणाऱ्या ८० टक्क्यांहून अधिक लोकांना भरले त्यापेक्षा कमी परत मिळाले. उलट, भाव पडला म्हणून प्रत्येक नाणे पाँझी ठरत नाही. तोटा हा धोक्याचा भाग असतो. फसवणूक होते ती पैशाचा उगम खोटा सांगितल्याने.

क्रिप्टोवर चर्चा करणाऱ्या समूहाची जबाबदारी इथे सुरू होते. २०११-१२मध्ये टेक्सासच्या ट्रेंडन शेवर्सने ‘पायरेटॅटफोर्टी’ या टोपणनावाने बिटकॉइन वापरणाऱ्यांच्या चर्चेतच ठेवी गोळा केल्या. आठवड्याला ७ टक्के देऊ म्हणाला. तेच पैसे पुन्हा गुंतवत गेल्यास वर्षात एकाचे जवळजवळ चौतीस होतील, हे साध्या कॅल्क्युलेटरवर दिसत होते. काहींनी तेव्हाच धोक्याची घंटा वाजवली. तरी ७ लाखांवर बिटकॉइन जमा झाले आणि ऑगस्ट २०१२मध्ये योजना बंद पडली. २०१६मध्ये त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली; ठेवीदारांचे नुकसान तोवर होऊन चुकले होते.

म्हणून ग्रुपचा नियम योजना येण्याआधीच लिहिलेला असावा. रेफरल लिंक टाकायची नाही. हमखास परताव्याचा दावा करायचा नाही. एखाद्या योजनेबद्दल लिहिणाऱ्याने त्यातून कमिशन मिळते का, हे आधी सांगायचे. असा संदेश आलाच तर अ‍ॅडमिनने तो गुपचूप काढून टाकणे पुरेसे नाही. तो दहा जणांनी वाचलेला असतो. पैसा कुठून येतो, मुद्दल आज काढता येते का, नोंदणी कोणाकडे आहे, हे प्रश्न सर्वांसमोर ठेवून मग संदेश काढावा. उत्तरे मिळेपर्यंत तो परत येऊ देऊ नये. शंका विचारणाऱ्याला ‘नकारात्मक’ म्हणून गप्प बसवले जाऊ लागले, तर अ‍ॅडमिनने त्याच्या पाठीशी उभे राहावे. योजनेच्या स्वतःच्या ग्रुपमधून सर्वांत आधी शंका विचारणाराच बाहेर काढला जातो. हे सगळे करायचे ते पैसे वेळेवर मिळत असताना. तेव्हा बोलणारा वाईट ठरतो, पण लोक वाचतात तेही तेव्हाच.

संदेश काढण्यापूर्वी त्याची प्रत, वॉलेटचे पत्ते आणि व्यवहारांचे क्रमांक जपून ठेवावेत. योजना बुडाली की वेबसाइट आणि ग्रुप रातोरात नाहीसे होतात; तपासाला उपयोगी पडते ती हीच नोंद. तक्रारीसाठी १९३० ही सायबर हेल्पलाइन, स्थानिक आर्थिक गुन्हे शाखा आणि रिझर्व्ह बँकेचे ‘सचेत’ पोर्टल आहे. साखळी योजनांवर १९७८च्या कायद्याने बंदी आहे, आणि २०१९चा अनियमित ठेव योजनांवरील बंदीचा कायदा खोटी वचने देऊन माणसे आणणाऱ्यालाही जबाबदार धरतो.

बुडालेल्या माणसापाशी लगेच दुसरा चोर येतो. थोडी फी भरा, पैसे सोडवून देतो, असे तो सांगतो. त्याचे संदेशही त्याच कडकपणे अडवावे लागतात. ज्याने भावाला, मेहुण्याला आत आणले तो एकाच वेळी फसलेला आणि फसवणारा असतो. लाजेने तो गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्यावर पुढची योजना उभी राहते. त्याची थट्टा होऊ न देता त्याला बोलू देणे, हे अ‍ॅडमिनचे शेवटचे आणि सर्वांत मोलाचे काम.

तुझी,
आत्या