न शेंदलेलं पाणी

नगरला मुद्दाम आराम करायला आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. शिर्डीला निघालेले इथे चहापुरते उतरतात, शिंगणापूरचे रसवंतीवर घुंगरांच्या आवाजात एक ग्लास रिचवून पुढे जातात, आणि किल्ला बघायला आलेले नेहरूंची खोली पाहून झाली की घड्याळाकडे बघू लागतात. २०२४ मध्ये नाव अहिल्यानगर झालं, पण एसटीचा कंडक्टर अजूनही ‘नगर, नगर’ असंच ओरडतो. त्या ओरडण्यात थांबा असतो, मुक्काम नसतो.

जगात काही शहरं मात्र माणसाला गरम पाण्यात बसवून ठेवण्यासाठीच प्रसिद्ध आहेत. बुडापेस्टचं सेचेनी स्नानगृह १९१३ सालचं. तिथे भर हिवाळ्यात उघड्या हौदात छातीपर्यंत बुडून लोक बुद्धिबळ खेळतात. पट पाण्याच्या कडेला, डोक्याभोवती वाफ. आइसलंडचा तो निळा तलाव तर वीजकेंद्राच्या सांडपाण्याचा. १९७६ मध्ये स्वार्त्सेंगीच्या केंद्रातून बाहेर सोडलेलं पाणी लाव्हाच्या खडकांत साचलं, पुढे कुणीतरी त्यात उतरून पाहिलं, आणि आता तिथे पैसे मोजून जागा धरावी लागते. हे सगळं मी एकदा आमच्या गल्लीत रंगवून सांगितलं, तर समोरच्या काकांचा पहिला प्रश्न होता : ‘तिकडं पाणी रोज येतं का?’

खरं तर आमच्याही पायाखाली लाव्हाच आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेला तो. पण तो केव्हाच निवला. आता त्या काळ्या दगडात विहीर खणायची तर सुरुंग लावावे लागतात, आणि एवढं करून लागलेलं पाणी गारच असतं. अकोल्याच्या घाटमाथ्यावर घाटघरला पाऊस असा कोसळतो की त्याला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. इकडे पाथर्डी-जामखेडला ढग नुसते वरून बघून जातात. हिवरे बाजारसारखं गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं, पडलं किती आणि वापरायचं किती. अशा मुलखात पाण्यात नुसतं बसून राहणं म्हणजे जवळजवळ उधळपट्टी.

आणि तरीही पाण्यात बसण्यासाठी बांधलेलं शहर कुठलं असं विचारलं, तर मी नगरचंच नाव घेईन. निजामशहांनी सीनेकाठी हे शहर वसवलं आणि कापूरवाडी, वडगाव, शेंडी या बाजूंनी नहरी आणल्या. जमिनीखालून खापरी नळ घालायचे, उतार असा धरायचा की पाणी आपल्या पायांनी चालत येईल. ना मोट, ना पंप. ते पाणी मशिदींच्या हौदांत पडायचं, वाड्यांत खेळायचं, आणि बागांमधल्या तलावांत भरायचं. उत्तरेला हश्त बिहिश्त बाग, आग्नेयेला फराहबाग. दोन्हीकडे कल्पना एकच : मोठा तलाव खणायचा आणि त्याच्या मधोमध अष्टकोनी महाल उभा करायचा. वारा कुठूनही आला तरी पाण्यावरूनच येणार. युरोपातल्यांना ऊब हवी होती, आमच्या सुलतानांना गारवा, एवढाच काय तो फरक.

फराहबागेचा महाल तर एकदा बांधून झालेला पसंत पडला नाही म्हणून पुन्हा बांधला. तो १५८३ मध्ये सलाबतखानाच्या हातून पुरा झाला. आज तिथे उभं राहिलं की उंच कमानी, त्यांच्यावरचा उडत चाललेला गिलावा आणि मधल्या दालनात घुमणारा पारव्यांचा आवाज एवढंच भेटतं. भोवतीच्या तलावात गवत असतं. पण तळाच्या त्या गवतातून चालत महालाकडे जाताना मला दर वेळी चुकल्यासारखं होतं, कारण हे अंतर होडीनं जाण्यासाठी आखलेलं होतं. भर मे महिन्यात बाहेर डोळे दिपत असताना आत शिरलं, की भिंतींच्या जाडीतून अजून थोडा गारवा निघतो. तेवढा चारशे वर्षांनी शिल्लक आहे.

या बागांचा मालक मुर्तजा निजामशहा. लोक त्याला दिवाणा म्हणत. कारभार दुसऱ्यांवर टाकून तो वर्षानुवर्षं कुणाला भेटत नसे. जुन्या गॅझेटियरात नोंद आहे, की दिल्लीहून आलेल्या एका गवयाबरोबर तो बुद्धिबळ खेळत बसे, आणि त्या गवयासाठी त्यानं बागेत लक्कडमहाल नावाची वेगळी वास्तूच बांधून दिली. बुडापेस्टच्या म्हाताऱ्यांच्या तीनशेहून अधिक वर्षं आधी नगरला पाण्याकाठी पट मांडलेला होता, हे वाचून मला उगाच अभिमान वाटला.

मुर्तजाचा शेवट मात्र गरम पाण्याच्याच घरात झाला. हमामाची रचना साधी असते. जमिनीखाली भट्टी, वर तापलेली फरशी, आणि ऊब कोंडून राहावी म्हणून दारं-झरोके शक्य तितके कमी. १५८८ मध्ये त्याच्याच मुलानं, मिरान हुसेननं, त्याला हमामात कोंडलं, सगळी उघडी तोंडं बंद केली आणि खाली जाळ घातला. इतिहासकार फिरिश्ता तेव्हा नगरलाच, राजाच्या पहाऱ्यावरच्या लोकांत होता. तो वाचला तो केवळ मिरान हुसेनबरोबर शिकलेला होता म्हणून. मुलगाही वर्षभरात मारला गेला. स्पाच्या जाहिरातीत वाफेनं शरीरातलं सगळं वाईट बाहेर पडतं असं वाचलं, की मला हा हमाम आठवतो.

सामान्य नगरकराचा हमाम म्हणजे तांब्याचा बंब. मधल्या नळीत तुरकाठ्या, बुरकुंडं, वाळलेली थाटं टाकायची, धुरानं डोळे चोळायचे, आणि कुणीतरी हाक मारेपर्यंत राखण करायची. पाथर्डीकडच्या माझ्या आत्याचं निम्मं आयुष्य या राखणीत गेलं. विहिरीतून शेंदायचं, डोक्यावर आणायचं, बंबात ओतायचं, जाळ घालायचा. घरातल्या सगळ्यांच्या अंघोळी झाल्या की तळाशी उरेल ते कोमट पाणी तिचं. दिवाळीला उटणं लावून ती सगळ्यांना न्हाऊ घाले. तिला कुणी न्हाऊ घातल्याचं मला आठवत नाही.

तिचे गुडघे धरले तेव्हा आम्ही तिला वज्रेश्वरीला नेलं. नगरहून आळेफाटा, ओतूर, मग माळशेज. घाटाच्या माथ्यावर उजव्या हाताला हरिश्चंद्रगडाची रांग दिसते. तो गड आमच्याच जिल्ह्यात. वर केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवती कंबरभर पाणी भरलेलं असतं, आणि ते इतकं गार की प्रदक्षिणा घालणाऱ्याच्या तोंडून देवाचं नाव आपोआप मोठ्यानं निघतं. या डोंगरांवर पडलेला पाऊस पूर्वेला वळला तर मुळेतून धरणात आणि धरणातून नगरच्या नळाला येतो. कड्याच्या पश्चिमेची तऱ्हा निराळी. तिकडे जमिनीला जुन्या भेगा आहेत. पावसाचं पाणी त्यांतून खोल उतरतं, दर किलोमीटरला २५-३० अंशांनी तापत जातं आणि वाट मिळेल तिथे वर येतं. पालघरपासून राजापुरापर्यंत कोकणपट्टीत अशा झऱ्यांची माळच आहे. दापोलीजवळच्या उन्हवऱ्याचं पाणी तर ७० अंशांच्या घरात. ज्वालामुखी वगैरे काही नाही, नुसती खोली.

वज्रेश्वरीचं मंदिर दुरून गढीसारखं दिसतं. वसई सर झाली तर देऊळ बांधीन, असा चिमाजी अप्पानं नवस केला होता. १७३९ मध्ये वसई पडली आणि देवीला ते किल्ल्याच्या तोंडवळ्याचं देऊळ मिळालं. देवीनं मारलेल्या राक्षसांच्या रक्तामुळे पाणी तापतं, असं तिथे सांगतात. आम्ही दर्शन घेऊन अकलोलीला तानसेच्या काठी गेलो. तिथल्या कुंडांत पांढरे झगे नाहीत, की मंद बासरी नाही. बांधीव चौकोन, शेवाळलेल्या पायऱ्या, गंधकाचा वास, आणि लुगडी सावरत उतरणाऱ्या बाया. पाणी ५० अंशांच्या आसपास. पाय घातला की आधी बाहेर येतो, मग हळूहळू मुरतो.

आत्या पायरीवर बसली. पोटऱ्या पाण्यात सोडल्या. मला वाटलं, आता ती गुडघ्यांविषयी काही बोलेल. तिचं लक्ष मात्र कुंडाच्या कोपऱ्यातून बाहेर वाहणाऱ्या पन्हळीकडे होतं.

‘काय रं, हे रातंदिस असंच चालतंय?’

‘हो आत्या.’

‘आन् जाळ?’

‘खाली, जमिनीत. आपोआप.’

‘शेंदाया कोण न्हाई?’

‘कोणीच नाही.’

ती बराच वेळ त्या पन्हळीकडे बघत राहिली. मग तिनं पदर खोचला, दोन पायऱ्या उतरली, आणि तांब्यांमागून तांबे अंगावर घेऊ लागली. कंजुषी न करता, मोजदाद न ठेवता. शेजारच्या बाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा तिनं तोही फिरवू दिला. दुपारी आम्ही बोलवायला गेलो तर म्हणाली, तुम्ही जेवून या.

निघताना गाडीत पाच लिटरचा कॅन भरलेला दिसला. ‘आत्या, नगरला पोचेपर्यंत हे गार होईल,’ मी म्हणालो.

‘होऊ दे की,’ ती म्हणाली, ‘बंबात वततो.’