मागाच्या खड्ड्यातलं पाणी

आमच्या घरी जुनी माणसं काळ सनावर मोजत नसत. ‘तुगयानीच्या आधी’ नाहीतर ‘तुगयानीनंतर’, बस्स. २८ सप्टेंबर १९०८ला मुसी शहरात शिरली. १५,००० माणसं गेली असं सांगतात. उस्मानिया दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेवर चढलेली दीडशेक माणसं वाचली, हे तर आपण सगळ्यांनीच ऐकलंय.

पण मला तो पूर कळला अमजद हैदराबादींमुळे. या शायराची आई, बायको आणि मुलगी त्या पुरात गेल्या. ते एकटे वाचले. पुढे त्यांनी ‘कयामत-ए-सुगरा’ ही नज्म लिहिली. माझे वडील उर्दूत शिकलेले. ते अर्थ सांगायचे, “धाकटी कयामत. पंधरा हजार म्हटलं की माणूस नुसता ‘अरेरे’ म्हणतो. एका घरातली तिघं म्हटलं की घास उतरत नाही.”

समुद्र मात्र असा एका रात्रीत येत नाही. १९०१पासून जगभरात तो सरासरी वीतभर चढलाय. वीतभराचं काय एवढं, असं वाटतं ना?

आपल्या बायकांच्या कपाटात उप्पाडा साडी असतेच. २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही जामदानी काकिनाड्याजवळच्या उप्पाड्याची. जमिनीत खड्डा खणून माग बसवतात, दोघं शेजारी बसून एकेक बुट्टी हाताने भरतात. वादळं, अडलेली वाळू, चढता समुद्र, सगळं मिळून त्या गावाचा किनारा खातंय. लेकीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला गेलो, तेव्हा एका विणकरबाईंना मी विचारलं, “तुमचं घर कुठलं?” त्यांनी समुद्राकडे बोट केलं. “तिथे होतं,” तेलुगूत म्हणाल्या. तिथे नुसत्या लाटा.

परवा नातीला शाळेत ‘वाढता समुद्र’ यावर चित्र काढायचं होतं. ती बर्फ आणि पांढरं अस्वल काढत बसली होती. मी तिला त्या बाईंबद्दल सांगितलं. तिने कागद उलटा केला आणि माग काढला. खड्ड्यात गुडघाभर पाणी, आणि बाई आपली बुट्टी भरतायत.

“समुद्र कुठाय गं?” मी विचारलं.

“आजी, त्यांच्या पायाशी नाही का!”

मंडळी, तुगयानीची एखादी आठवण, ओवी, जुनं भरतकाम तुमच्या घरात असेल तर इथे जरूर लिहा. गेलेल्यांची नावंही लिहा.