घोड्याची दुनळी

"एडिसनमध्ये बंदूक कशाला हवी?" सौ.चा प्रश्न रास्तच होता. पण बाहेर घोडे असलेली ती २८ बोअरची जुनी दुनळी पाहिली आणि कोकणातले आजोबा आठवले. त्यांची १२ ची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक आली की ठाण्यात जमा. ते गेल्यावर जमा झालेली परत आणायला कोणीच गेलं नाही, मीसुद्धा.

(नळीच्या मापाच्या जितक्या शिसाच्या गोळ्या एका पौंडात बसतात, तितका बोअर, म्हणून २८ ही १२ पेक्षा बारीक!)

लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या दमास्कस नळ्यांना आजची बिनधुराची दारू चालत नाही. कारागिराकडून तपासून घेतली, काळी दारू भरतो. मातीच्या तबकड्या बहुधा सुटतातच. परवा धुरात खोकत मुलानं विचारलं, "पणजोबांची कुठाय?"

मी नळी पुसत राहिलो.