ग्रानादातल्या छोट्या बशा

मैत्रिणींनो, मुलाचा वाढदिवस म्हटला की आपल्या पोटात आधी गोळा येतो. पंधरा मुलं, पंधरा भरलेल्या बशा, आणि शेवटी निम्म्या बशांत सगळं तसंच उरलेलं! यातून सुटायची वाट मला स्पेनमधल्या ग्रानादा गावी एका शेजारणीने दाखवली.

गाव दक्षिणेकडचं. एका टेकडीवर अलहाम्ब्राचा तांबूस राजवाडा, समोरच्या टेकडीवर आल्बाइसिनचे पांढरे, चढणीचे बोळ. इथल्या बारमध्ये पेय मागवलं की सोबत खाण्याची छोटी बशी फुकट येते. तिला म्हणतात 'तापा'; शब्दाचा मूळ अर्थ झाकण. बार म्हटल्यावर नाक मुरडू नका हं! तिथे आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात. मोठ्यांपुढे कॉफी, पोरांपुढे फळांचा रस.

शेजारणीचा मुलगा ७ वर्षांचा झाला. बोलावणं संध्याकाळी ६ चं. तिकडे रात्रीचं जेवण ९ नंतर, म्हणून मुलांचं संध्याकाळचं खाणं महत्त्वाचं. अंगणात एकच टेबल, त्यावर सहा-सात बशा : 'तोर्तिया' म्हणजे बटाट्याच्या जाड आम्लेटचे तुकडे, मेंढीच्या दुधाचं मान्चेगो चीज, टोमॅटो चोळून ऑलिव्हचं तेल शिंपडलेला पाव, गरम क्रोकेता. कुणाला पान वाढलेलं नाही, की कुणी 'संपव बघू' म्हणत नाही.

माझी लेक ५ वर्षांची. एकेका घासाला अर्धा तास! सवयीने मी तिची बशी भरायला उठले, तर शेजारणीने हात धरला. "राहू दे. भूक तिची आहे, तुझी नाही." वीस मिनिटं लेकीने कशाला हात लावला नाही. माझा जीव कासावीस. मग इतर मुलांचं बघून तिने तोर्तियाचा एक तुकडा उचलला. मग दुसरा. चार खाल्ले, मी मोजले! केक कापल्यावर त्या मुलाचा कान सातदा ओढला, वर्षाला एकदा, तेव्हा सर्वांत मोठ्याने हसली ती हीच.

तोर्तिया सोपी आहे. अर्धा किलो बटाट्याचे पातळ काप आणि एक कांदा भरपूर तेलात मंद आचेवर मऊ करा, कुरकुरीत नको. तेल निथळून, ६ फेटलेल्या अंड्यांत मीठ घालून कालवा. तव्यात ओता, कडा धरल्या की ताटली झाकून उलटा. मुलांसाठी आतपर्यंत शिजू द्या. गार झाली तरी छान लागते.

शाकाहारी असाल तर क्रोकेताबद्दल आधी विचारा. दिसतो आपल्या कटलेटसारखा, पण आत बहुधा डुकराचं मांस असतं. ऑलिव्ह बिया काढलेलीच घ्या, आणि लहानग्यांच्या हाती टोचायच्या काड्या देऊ नका.

आता आमच्याकडेही वाढदिवसाला बशा मधोमध मांडते आणि हात मागे घेते. दुसरंच जास्त अवघड, बरं का!