म्हाताऱ्या डोळ्यांची देणगी

आमच्या बिबवेवाडीतील ख्रिस्ती कुटुंबांत नेत्रदानाचा विषय निघाला, की वडीलधारी मंडळी हात जोडून म्हणतात, ‘आमचे डोळे म्हातारे झाले, मोतीबिंदूही काढलेला. ते कोणाच्या काय कामाचे?’ या नम्र वाक्याचे उत्तर आम्हांला आमच्या पुतण्याच्या आजारात सापडले.

पुतण्या विशीतला. त्याच्या चष्म्याचा नंबर वरचेवर बदले. रात्री सातारा रस्त्यावरचा एकेक दिवा त्याला दोन-तीन दिसे. डॉक्टरांनी निदान केले, केराटोकोनस. बुबुळासमोरच्या काचेसारख्या पारदर्शक पडद्यास कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. या आजारात तो पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो आणि डोळे चोळण्याच्या सवयीने बळावतो. ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालून अतिनील किरण दिले, की त्याची वाढ बहुतेक वेळा थांबते; बिघडलेला आकार मात्र फारसा सुधारत नाही.

आजार विकोपास गेला, की पूर्वी कॉर्नियाच बदलावा लागे. मानवी कॉर्नियाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी, चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर केले. केराटोकोनससाठी चेन्नईच्या डॉ. सूसन जेकब यांनी २०१८ साली निराळी पद्धत प्रसिद्ध केली. दात्याच्या कॉर्नियातून चंद्रकोरीसारखे तुकडे कापून ते रुग्णाच्या कॉर्नियाच्या जाडीत सरकवावयाचे, म्हणजे शंकू सपाट होऊ लागतो. रुग्णाचा स्वतःचा कॉर्निया जागच्या जागी राहतो.

आणि इथेच वडीलधाऱ्यांना उत्तर मिळते. संपूर्ण प्रत्यारोपणास कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या थरातील पेशी भरपूर लागतात. वयाबरोबर त्या घटतात. या तुकड्यांना त्या थराची गरजच नाही. त्यामुळे एरवी बाजूस पडणारा वृद्धाचा कॉर्नियाही, रक्ततपासणी निर्दोष असल्यास, एखाद्या तरुणाच्या उपयोगी पडू शकतो. आमच्या पुतण्याला असेच तुकडे बसविले. चष्मा सुटला नाही. पण त्यातून आता त्याला फळ्यावरील अक्षर वाचता येते. दाता कोण, हे आम्हांला कधीच कळणार नाही.

‘देह अपुरा राहिला तर पुनरुत्थानाचे काय?’ ही शंकाही आम्ही ऐकली आहे. फेब्रुवारी १९५६ मध्ये इटलीचे धर्मगुरू डॉन कार्लो न्योक्की यांनी मृत्युसमयी आपले कॉर्निया दोन अंध मुलांना दिले. त्याच वर्षी १४ मे रोजी पोप बारावे पायस यांनी नेत्रतज्ज्ञांसमोर स्पष्ट केले, की मृतदेहाचा आदर राखून, संमतीने केलेल्या अशा दानास धर्माची आडकाठी नाही. मात्र त्याची सक्ती नसावी. डॉन न्योक्की यांना २००९ साली धन्यवादित घोषित करण्यात आले.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे पथक यावे लागते. तोवर पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोके उशीवर उंच करावे, पंखा बंद करावा. काम अर्ध्या तासात उरकते; शवपेटीतील चेहरा विद्रूप दिसत नाही. मात्र त्या घटकेस संमती द्यावयाची असते ती घरच्यांनी. म्हणून आम्ही भरलेले अर्ज कपाटात न ठेवता मुलांसमोर वाचून दाखविले आणि नेत्रपेढीचा दूरध्वनी क्रमांक सर्वांना दिसेल असा भिंतीवर लावला.