बक्षीसपत्रात नसलेलं वाक्य

“नॉमिनी सगळीकडे लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?” अशिलानं असं म्हटलं की मी आधी चहा मागवतो, कारण पुढचा अर्धा तास नक्की जाणार.

नॉमिनी पैसे हातात घेतो, मालक होत नाही. (विम्यात जोडीदार, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर २०१५च्या दुरुस्तीनंतर गोष्ट वेगळी.) शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दलची शंका डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मिटवली, तीही ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेच्या वादातून. सोसायटीतही नॉमिनी हा तात्पुरता सभासदच.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीची सक्ती नाही. साधा कागद, सही, दोन साक्षीदार. तरी ‘अभद्र बोलू नये’ म्हणून ते राहून जातं. नारायणीदेवी नावाच्या एका बाईंचं असंच राहिलं. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा सर्पदंशानं गेला, सासरनं घराबाहेर काढलं, माहेरी शिकून त्यांनी नोकरी केली. त्यांची स्वकमाई न्यायालयाच्या २००९च्या निकालानं कोणाला गेली? नणंदेच्या मुलांना! मूलबाळ नसलेल्या हिंदू विधवेच्या स्वकमाईवर कायद्यानं आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क येतो, माहेरचा नंतर.

याउलट घर मुलाच्या नावावर करायची मात्र भारी घाई. महाराष्ट्रात मुलाला किंवा मुलीला राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, वर स्थानिक अधिभार. ‘टॅक्स वाचेल’ हे वर कारण. कुठला टॅक्स? वारशावरचं संपत्ती शुल्क १९८५ मध्येच गेलं. घर पुढे विकलं की भांडवली नफा मोजायचाच, आणि तो वडिलांच्या खरेदी किमतीवरून; मग ते बक्षीसपत्रानं आलेलं असो वा मृत्युपत्रानं.

अशाच घाईतलं एक बक्षीसपत्र घेऊन एक आजी आल्या होत्या. ‘नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी’ ही ओळ ठळक होती. मुलगा सांभाळ करील, हे मात्र एकाही पानावर नव्हतं.

२००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ या एका वाक्यावर उभं आहे. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकतं; पण अट होती हे दाखवावं लागतं. २०२२ मध्ये ती दाखवता न आल्यामुळे एका आईचा दावा सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या ऊर्मिला दीक्षित यांना घर परत मिळालं, कारण मुलानं सांभाळाचं वचनपत्र लिहून दिलेलं होतं.

माझा सल्ला मृत्युपत्राचाच असतो. ते हयातीत कितीदाही बदलता येतं. बक्षीसपत्रच हवं असेल, तर ‘देणार हयात असेपर्यंत याच घरात राहतील आणि त्यांचा औषधोपचार व सांभाळ घेणार करील’ हे कलम मी मसुद्यात घालतो. त्यावर बहुतेक वेळा आईच म्हणते, “अहो वकीलसाहेब, त्याला वाईट वाटेल.”